हबक्कूक सापडेना

गेल्याच्या आधीच्या डिसेंबरातली गोष्ट. नाताळाआधीच्या आगमनकाळातला रविवार होता आणि चर्चमध्ये बायबलच्या जुन्या करारातला पाठ वाचायची पाळी माझी होती. पाठ हबक्कूक या पुस्तकाचा, अध्याय दुसरा. मी जन्मापासून याच चर्चच्या मंडळीतला, सहा वर्षं पास्टरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारी कमिटी. कडक इस्त्रीचा शर्ट घालून ऐटीत पुढे गेलो, पवित्र शास्त्र उघडलं आणि हबक्कूक काही सापडेना. दानीएल सापडला. योना सापडला. घाईत पानं उलटली तर थेट मत्तयच निघाला. मागे आलो तर जखऱ्या. घसा खाकरला, चष्मा पुसला. पाळकसाहेब खाली मान घालून बसले होते. शेवटी पहिल्या बाकावरची संडे स्कूलची एक मुलगी उठून आली. असेल नऊ-दहा वर्षांची. माझ्या हातातल्या पुस्तकाची पाच-सहा पानं तिनं मागे सारली आणि म्हणाली, "काका, नहूमच्या नंतर असतो." माइक चालू होता.

घरी येईपर्यंत बायको काही बोलली नाही. जेवायला वाढताना म्हणाली, "गार्डाला स्टेशनं पाठ असावी लागतात ना हो?"

मी मालगाडीवर गार्ड आहे. २०२२ पासून आमच्या पदाचं नाव ट्रेन मॅनेजर झालंय, पण घरात, मोहल्ल्यात आणि मंडळीत मी गार्डच. नव्या सेक्शनवर गाडी न्यायच्या आधी आम्हाला तो रस्ता शिकावा लागतो. जाणत्या माणसासोबत फेऱ्या मारायच्या, कुठे चढ, कुठे वळण, कुठला सिग्नल कुठून दिसतो ते डोक्यात बसवायचं, आणि मग रस्ता येतो म्हणून सही करायची. सही नाही तर ड्यूटी नाही. इतवारीपासून गोंदिया, तिथून पुढे सालेकसा, डोंगरगड, राजनांदगाव. झोपेतून उठवून विचारा, ओळीनं सांगतो. आणि सहासष्ट पुस्तकांच्या या रस्त्यावर मात्र पन्नास वर्षं मी सही न करताच गाडी हाकत होतो. दर रविवारी दोन-चार ठरलेल्या स्टेशनांवर थांबायचं, बस. तेवीसावं स्तोत्र, लूकचा दुसरा अध्याय, पहिल्या करिंथकरांचा तेरावा. लग्न, नाताळ, मयत.

वर्षभरात अख्खं शास्त्र वाचायचं, हे तेव्हाच ठरवलं. खरं सांगायचं तर भक्तीनं नाही, शरमेनं.

३१ डिसेंबरची रात्रीची उपासना आमच्याकडे साडेदहाला सुरू होते. तिला सगळे वॉचनाइटच म्हणतात. जॉन वेस्ली या इंग्रज धर्मोपदेशकानं अठराव्या शतकात मोरेव्हियन पंथाच्या लोकांची ही रीत उचलली आणि त्याच्या मेथडिस्टांमधून ती सगळीकडे गेली. आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. या मंडळीची स्थापनाच मुळी नागपूरची, २९ नोव्हेंबर १९७०, सदरचं ऑल सेंट्स कॅथीड्रल. सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या तेव्हा एक झाल्या. त्यामुळे आमच्याकडे एकाची शिस्त, दुसऱ्याची गाणी आणि तिसऱ्याची वॉचनाइट असं सगळं सुखानं नांदतं.

त्या रात्री थंडी चांगलीच होती. म्हातारी माणसं कानटोप्या, मफलर, शाली गुंडाळून बसलेली, पोरं मागच्या बाकांवर. नव्वदावं स्तोत्र वाचलं. आमचे दिवस गणायला आम्हाला शिकव, असं त्यात मोशे देवाला म्हणतो. मग ज्यांना वर्षाची साक्ष द्यायची त्यांनी दिली. एका काकूंची साक्ष दरवर्षी गुडघ्यांपासून सुरू होते आणि सुनेपर्यंत जाते. बाराला पाच कमी असताना दिवे मंद केले आणि सगळे गुडघ्यांवर आलो. आत पूर्ण शांतता, बाहेर कुठल्यातरी हॉटेलच्या गच्चीवरून डीजेचा धबधब आवाज. मला नेमकं तेव्हाच आठवलं, गाडीत हवा भरली नव्हती... म्हणजे ड्यूटीवरच्या नव्हे, स्कूटरच्या, मागचं चाक. पाच मिनिटांच्या शांततेत माणसाच्या मनात काय काय येतं ते देवालाच माहीत, आणि तेच तर अवघड आहे.

घंटा झाली. हात मिळवले, गळाभेटी झाल्या, केक आणि चहा आला. मग वचनांचा ट्रे. छापील कार्डं उलटी मांडलेली असतात. प्रत्येकानं एक उचलायचं, ते आपलं वर्षवचन. खरं सांगतो, मला हा प्रकार लहानपणापासून आवडतो आणि लहानपणापासून खटकतोही. सीताबर्डीच्या फुटपाथवर पोपट घेऊन बसणारा माणूस आणि आपण, यात फरक काय तो सांगायला पाळकसाहेबांना दरवर्षी दहा मिनिटं लागतात. तरी लाइन लागतेच. "भाऊ, तुम्हाले काय भेटलं?" म्हणून एकमेकांच्या कार्डात डोकावणं चालतं.

मला यिर्मया २९:११ मिळालं. तुमच्याविषयीचे माझे बेत हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हाला आशा आणि भविष्य देणारे आहेत, अशा अर्थाचं. ख्रिस्ती घरांत हे वचन घड्याळावर असतं, कपावर असतं, कॅलेंडरवर असतं. पण त्या वर्षी मुलगी मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला, नीटला, दुसऱ्यांदा बसणार होती. कार्ड वाचून बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. घरी आल्यावर ते फ्रिजवर गेलं, संत्र्याच्या आकाराच्या मॅग्नेटखाली. आमच्या हिशेबानं निकाल लागला होता.

पाळकसाहेबांना मी वाचनाचं सांगितलं होतं, त्यांनी एक झेरॉक्स दिली. बारा महिन्यांच्या चौकटी, रोज चार ठिकाणचे चार अध्याय. हा तक्ता रॉबर्ट मरी मॅक्चेन नावाच्या पाळकानं १८४२ च्या शेवटी स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या आपल्या मंडळीसाठी केला होता. ज्या स्कॉटलंडातून स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले आणि ज्यांच्या नावाचं कॉलेज आजही आपल्याकडे आहे, तोच मुलूख आणि तोच काळ. या तक्त्यानं जुना करार वर्षात एकदा होतो, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा.

पाळकसाहेब म्हणाले, "मॅक्चेननं तक्त्यासोबत धोकेही लिहून ठेवले होते. एक, नुसता उपचार होऊन बसेल. दोन, चौकटींवर खुणा करून स्वतःची पाठ थोपटाल. तीन, उरकायचं म्हणून वाचाल. चार, मानेवर जू होईल." आणि मग जरा थांबून, "स्वतः मात्र तो २५ मार्च १८४३ ला गेला. एकोणतीस वर्षांचा होता."

म्हणजे आपल्याच तक्त्याचे तीन महिनेही त्याला मिळाले नाहीत. मी झेरॉक्सकडे पाहिलं. हे ऐकून धीर आला की धास्ती वाटली, ते अजून ठरलेलं नाही.

पहिल्या दिवसाचे चार अध्याय: उत्पत्तीचा पहिला, एज्राचा पहिला, मत्तयचा पहिला, प्रेषितांच्या कृत्यांचा पहिला. चारही सुरुवाती. जगाची, बंदिवासातून परतलेल्या लोकांची, येशूच्या जन्माची आणि मंडळीची. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, मुलीनं दाखवलं. मी मत्तयच्या वंशावळीत अडकलो होतो. त्या वंशावळीत चाळीसच्या वर नावं आहेत आणि आमच्या आईला ती सगळी पाठ आहेत. आई अठ्ठ्याहत्तरची. मोतीबिंदूमुळे आता वाचता येत नाही, पण दुसऱ्यानं नाव चुकवलं की लगेच टोकते.

घरी असलो की सोपं होतं. अवघड होतं ड्यूटीवर. आमच्या कामाला वेळ नसतो. लॉबीतून कॉल कधीही येतो, रात्री दोनला, जेवणाच्या ताटावर, उपासनेच्या मध्यात. साइन ऑन केल्यापासून साइन ऑफ करेपर्यंत वाचन नाही, तो नियमच आहे आणि तो बरोबरही आहे. म्हणून वाचन रनिंग रूमवर, म्हणजे ड्यूटी संपल्यावर बाहेरगावी आम्ही आराम करतो तिथे. गोंदियाच्या रनिंग रूममध्ये पहिल्या आठवड्यात एका सहकाऱ्यानं विचारलं, "काय वाचून राहिला बे रोज रोज?" सांगितलं. तो गजानन महाराजांचा भक्त, पोथीचे एकवीस अध्याय एका दिवसात बसून करणारा. म्हणाला, "आम्ही दिवसात पारायण करतो, तू वर्षभर लावून राहिला?" मग पुस्तकाची जाडी पाहून गप्प झाला. जाताना त्यानं दिलेला सल्ला मात्र पक्का निघाला. "हे पाय, जागा तर तुही बदलतच राहीन. मंग क्रम नको बदलू. आंघोळ, पोथी, झोप. झोप आधी घेतली का गेलं सगळं." वर्षभर मी तेच केलं. साइन ऑफ, आंघोळ, चार अध्याय, मग चादर.

प्रार्थना त्याच्या उलट. ती ड्यूटीवरच जमली. मालगाडीच्या शेवटी ब्रेकव्हॅनमध्ये आपण एकटे. मागे लाल दिवा, पुढे अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर इंजिन. सालेकसा-दरेकसाच्या जंगलात गाडीला लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या लाइनवर घेतलं आणि मागून दोन एक्सप्रेस काढायच्या असल्या की तास-दीड तास तिथेच. जानेवारीत त्या पत्र्याच्या डब्यात वारा चारही बाजूंनी शिरतो. दुपट्टा तोंडावर गुंडाळला तरी नाकाचा शेंडा बधिर. डोंगरावर चितळ ओरडतं. मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो, प्रार्थना करताना आपल्या खोलीत जा, दार लावून घे. माझ्या खोलीला धड दारही नव्हतं, पण एवढा एकांत मला आयुष्यात दुसरीकडे कुठे मिळालेला नाही.

सुरुवातीला मात्र एकांतात काय बोलायचं तेच कळेना. आमच्या आईची प्रार्थना म्हणजे नातेवाइकांची हजेरी. थोरल्या काकांपासून सुरू होते, रायपूरची आत्या, अमरावतीचे भाचे, ज्यांच्याशी बोलणं बंद आहे तेसुद्धा, आणि आमेन येईपर्यंत वरणाला उकळी येऊन विझलेलं असतं. माझी प्रार्थना चार वाक्यांत संपायची. जानेवारीच्या मध्याला नहेम्याचा दुसरा अध्याय आला. नहेम्या हा पारसाच्या राजाचा प्यालेबरदार. राजा त्याला विचारतो, तुझी काय मागणी आहे? लिहिलंय की त्यानं स्वर्गातल्या देवाची प्रार्थना केली आणि राजाला उत्तर दिलं. प्रश्न आणि उत्तर यांच्या मध्ये केवढासा वेळ असेल? राजा काही थांबून राहिला नसेल. एक श्वास. तेवढीही चालते हे मला आवडलं. स्टेशनवरून जाताना हिरवी झेंडी दाखवायची आणि त्या स्टेशनच्या नावासोबत एका माणसाचं नाव घ्यायचं, अशी सवय मी लावून घेतली. तुमसरला अमुक, तिरोड्याला तमुक. आईचीच हजेरी, पण रेल्वेच्या टाइमटेबलवर.

एक वही पण केली. डावीकडे तारीख आणि विनंती, उजवी बाजू मोकळी. फेब्रुवारीत पहिली बारा पानं वाचून पाहिली तर नीट, नीट, बदली, नीट, आईचा डोळा, नीट, घराचा हप्ता. साहेबाला दिलेल्या अर्जांची फाइल वाटत होती. आभार कुठेच नव्हते. एके ठिकाणी फक्त 'आज भिवापूरची मिरची छान मिळाली' असं लिहिलेलं होतं, तेही चुकून, बाजाराच्या यादीतलं.

आता लेवीय. शास्त्र सलग वाचायला घेणारी बहुतेक माणसं इथे घसरतात. मी स्वतः याआधी दोनदा इथेच उतरलो होतो, कारण पहिल्या पानापासून सरळ वाचत गेलं की फेब्रुवारीतच हे पुस्तक येतं आणि दुसरं काहीच हाताशी नसतं. या तक्त्यात ते मार्चच्या शेवटी येतं, आणि सोबत तीन वेगळी पुस्तकं असतात, म्हणून तगलो. होमार्पण, अन्नार्पण, चरबी कुठली जाळायची, मूत्रपिंडं कुठे ठेवायची. गुरुवारच्या घरप्रार्थनेत आम्ही सहाजण बसायचो. आमच्यातल्या एक रिटायर्ड बाई अभ्यास चालवतात. त्यांची पद्धत साधी आहे. अध्याय मोठ्यानं वाचायचा. मग पहिला प्रश्न, 'यात काय लिहिलंय?' दुसरा, 'ज्यांना हे पहिल्यांदा सांगितलं त्यांना काय कळलं असेल?' 'मला काय वाटतं' हे तिसऱ्यावर. आमची सगळ्यांची सवय थेट तिसऱ्यावर उडी मारायची. बाई हातातली पेन्सिल टेबलावर वाजवतात. "खाली उतरा. पहिल्या पायरीवर या."

त्या गुरुवारी घरप्रार्थना आमच्याकडे होती आणि अध्याय चौदावा. घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले आणि ते भिंतीत खोल गेलेले वाटले तर काय करायचं, याचे नियम. याजकानं येऊन पाहायचं, घर सात दिवस बंद ठेवायचं, मग पुन्हा पाहायचं. चट्टे पसरले असतील तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकायचे, भिंत खरवडायची, दुसरे दगड बसवून पुन्हा गिलावा करायचा. वाचता वाचता सगळ्यांच्या नजरा आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीकडे गेल्या. न्हाणीघराच्या बाजूनं ओल येते तिथे, गॅसच्या वर, हातभर पट्टा. हिरवट. कडेला तांबूस. बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती. "वर्षभर सांगून राहिली मी यांना," ती म्हणाली, "पण मोशेनं सांगितल्याशिवाय ऐकतील तर ना." पुढच्या सोमवारी मिस्त्री आला. पाइप फुटलेला निघाला. भिंत खरवडली, गिलावा केला. लेवीयाचं एवढं शब्दशः पालन नागपुरात दुसऱ्या कोणी केलं असेल असं वाटत नाही.

त्याच दिवसांत ५ एप्रिल आला. पंडिता रमाबाई १९२२ साली याच तारखेला गेल्या. महिला मंडळात त्यांच्याविषयी बोलणं झालं. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत शास्त्र यावं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, केडगावला मुक्ती मिशनात बसून त्यांनी अख्ख्या शास्त्राचं भाषांतर केलं आणि काम पुरं करूनच गेल्या. हे लेवीयसुद्धा त्या बाईंनी शब्द अन् शब्द तोलून मराठीत आणलं असणार. मला नुसतं वाचायला जड होत होतं. दोन दिवस तरी तक्रार करायची हिंमत झाली नाही.

एकोणिसावा अध्याय आईला वाचून दाखवला. शेताच्या कडाकोपऱ्यातलं पीक कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. आई एकदम उठून बसली. "सरवा? सरवा म्हटलं का तू?" तिचं माहेर वर्धेकडचं. ज्वारीची कापणी झाली की ती आणि तिच्या बहिणी सरवा वेचायला जायच्या. लुगड्याच्या ओच्यात कणसं. एक मालक वेचू द्यायचा, दुसरा कुत्रं सोडायचा. "कुत्रं सोडणाऱ्याच्या घरात पवित्र शास्त्र नव्हतं, अन् वेचू देणाऱ्याच्या घरातही नव्हतं," आई म्हणाली. त्याच्या पुढे तिनं काही सांगितलं नाही. रूथ वाच म्हणाली. रूथ तक्त्यात ऑगस्टला होती. पण चारच अध्याय आहेत, तेव्हाच वाचले, आणि शेतमालक बवाज सरवा वेचणाऱ्या रूथसाठी आपल्या गड्यांना मुद्दाम पेंढ्यांतली कणसं गळू द्यायला सांगतो तिथे आई हसली.

लेवीयानंतर गणना. नावाप्रमाणेच खानेसुमारी, कुळावार आकडे. सहाव्या अध्यायात डुलकी लागत होती आणि अचानक: परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो. अरे! हा तर उपासना संपताना पाळकसाहेब हात वर करून रोज म्हणतात तो. पन्नास वर्षं हा आशीर्वाद घेऊन मी चपला शोधायला बाहेर पडत होतो आणि तो राहतो कुठे हे मला ठाऊक नव्हतं. गोंदियाच्या खाटेवर बसून तीन वेळा वाचला. शेजारी कोणी घोरत होतं.

मे महिन्यात गाडी पुढे भिलाईकडे जायला लागली. अंग भाजून काढणारी गरमी, ब्रेकव्हॅनचा पत्रा रात्री अकरापर्यंत गरम. राजनांदगाव बहुतेक मध्यरात्रीच यायचं. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक याच मार्गानं नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात भेटलेल्या एका गोऱ्या मिशनऱ्यानं त्यांना पवित्र शास्त्र वाचायला दिलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पेन्सिलीनं खुणा करत वाचायला घेतलेले टिळक डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि त्यांना पुस्तक खाली ठेववेना. तेच प्रवचन, मत्तयचे पाच ते सात अध्याय, माझ्या तक्त्यात जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात होते. तिन्ही चौकटींवर टिक होती. त्यातलं एक वाक्यही मनात राहिलेलं नव्हतं. मॅक्चेनचा तिसरा धोका. राजनांदगावहून परत येताना रनिंग रूमवर त्या दिवसाचे चार अध्याय सोडले आणि ते तीन पुन्हा वाचले. टिक नाही केली, ती आधीच होती.

जूनमध्ये नीटचा निकाल लागला. एवढंच लिहितो की मुलीचा नंबर लागला नाही, सरकारी नाही आणि आमच्या खिशाला झेपेल अशा कुठल्याच कॉलेजात नाही. ती दोन दिवस खोलीबाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी फ्रिजमधून पाणी घेताना माझी नजर त्या कार्डावर गेली आणि मी ते काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. संत्र्याचं मॅग्नेट तसंच, रिकामं. त्यानंतर वाचन थांबलं. ठरवून नाही, नुसतं आंघोळीनंतर चादर घ्यायला लागलो. जुलैतल्या जवळपास तीन आठवड्यांच्या चौकटी कोऱ्या आहेत. वहीत उजव्या बाजूला, नीटच्या पुढे, मी एकच शब्द लिहिला होता: 'नाही'.

घरप्रार्थनेच्या बाईंना कोणी सांगितलं कोण जाणे. त्यांनी उपदेश केला नाही, देवाची कृपा. म्हणाल्या, "राहिलेलं पकडू नका. जिथे सोडलं तिथून घ्या." त्यामुळे तक्त्यात यिर्मयाचा अठ्ठावीसावा अध्याय १ ऑगस्टला आहे, तो माझ्याकडे पोळा झाल्यावर आला. मारबतीचा दिवस. काळी-पिवळी मारबत निघालेली, अर्धं नागपूर रस्त्यावर, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' चालू. मी रात्रपाळी करून आलो होतो आणि घरी कोणी नव्हतं.

अठ्ठावीसाव्यात हनन्या नावाचा एक संदेष्टा आहे. यिर्मया मानेवर लाकडी जू घालून फिरत असतो, बाबेलच्या राजाची ताबेदारी आता सोसावीच लागणार म्हणून. हनन्या मंदिरात सर्वांसमोर ते जू काढतो आणि मोडून टाकतो. म्हणतो, देव सांगतो, दोन वर्षांच्या आत सगळं परत येईल. नेलेली भांडी, नेलेली माणसं, सगळं. लोकांना किती बरं वाटलं असेल! मला वाटलं. मी तेव्हा यरुशलेमात असतो तर हनन्याच्याच मंडळीत गेलो असतो, कमिटीवरही गेलो असतो. पण देवानं हनन्याला पाठवलेलंच नव्हतं. लाकडाच्या जागी लोखंडाचं जू येईल, असं यिर्मया सांगतो. हनन्या त्याच वर्षी मरतो.

आणि त्याच्या पुढचा एकोणतीसावा. आमच्या फ्रिजचा.

ते एक पत्र आहे. बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानं पाठवलेलं. घरं बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा आणि त्यांचं फळ खा, लग्नं करा, मुलांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला नेलं त्याचं हित पाहा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. दहाव्या ओवीत, बाबेलची सत्तर वर्षं भरली की मी तुम्हाला परत आणीन. आणि मग अकरावी: तुमच्याविषयीचे माझे बेत मला ठाऊक आहेत. सत्तर वर्षं! हे पत्र ज्या कोणा पन्नाशीच्या माणसानं हातात धरलं असेल त्याला कळलं असणार की परत जाणाऱ्यांत आपण नाही. कार्डावर दहावी ओवी नव्हती. छापणाऱ्याचा तरी काय दोष, जागाच तेवढी असते.

संध्याकाळी मुलगी आली तेव्हा तिला दोन्ही अध्याय वाचायला दिले. मी काही बोललो नाही, काय बोलावं ते ठाऊकही नव्हतं. तिनं वाचले. मग विचारलं, "बाबा, तुम्ही ते कार्ड काढून का टाकलं? मला वाटलं तुम्ही माझ्यावर चिडले." आम्ही दोघांनी दोन महिने एकाच फ्रिजकडे पाहून दोन वेगळ्या गोष्टी वाचल्या होत्या. तिनं तोवर बीएस्सीला ॲडमिशन घेतलेली होती, सूक्ष्मजीवशास्त्र. कुंडीत मेथी पण लावली होती, ते बहुधा यिर्मयाशी संबंध नसलेलं. कार्ड तिनं ड्रॉवरमधून काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेननं लिहिलं: 'आधी १ ते १०'. पुन्हा फ्रिजवर.

वहीत मी एक नवं पान केलं, नागपूर. तोवर माझ्या प्रार्थनेत नागपूर कधी आलं नव्हतं, त्यातले आम्ही तेवढे होतो. पहिल्या दिवशी कामठीला झेंडी दाखवताना शहरासाठी काय मागायचं ते सुचेना, तर नाल्याकाठच्या वस्तीत पावसाचं पाणी शिरू नये एवढं मागितलं.

सप्टेंबर ते नोव्हेंबर भराभर गेले. यहेज्केल मला कळला नाही, तसं मी घरप्रार्थनेत सांगितलं आणि बाईंनी पेन्सिल वाजवली नाही. हबक्कूक आला तेव्हा एका झटक्यात सापडला. नहूमच्या नंतर. तीनच अध्याय, एका बैठकीत वाचले. त्याची तर सुरुवातच तक्रारीनं आहे. हे परमेश्वरा, मी कुठवर ओरडू. मी त्या रविवारी मंडळीसमोर हे पुस्तक शोधत उभा होतो आणि आत मजकूर असा होता!

३१ डिसेंबरला वाचन अकरा दिवस मागे होतं आणि दुपारी चारला कॉल आला. उपासना हुकणार होती. रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी गाडी सालेकशाला लूपमध्ये लागली. पूर्वीसारखीच थंडी, तोच वारा. बाराला दूर गावात चार फटाके वाजले, पुढून आमच्या इंजिनाचा लांबलचक हॉर्न आला, आणि शेजारच्या लाइनवर उभ्या गाडीनं त्याला उत्तर दिलं. वॉकीटॉकीवर लोको पायलट म्हणाला, "हॅपी न्यू इयर, गार्डसाहेब." मी म्हटलं, "तुम्हालाही." साडेबाराला बायकोचा फोन लागला. मागे मंडळीचा गलका, कपांचा आवाज.

"तुमचं कार्ड मी काढलं," ती म्हणाली. "वाचू का?"

"वाचू नको. कुठलं आहे तेवढं सांग."

"थांबा, चष्मा... विलापगीत. तीन, बावीस-तेवीस."

"बरं. घरी गेल्यावर तिसरा अध्याय काढून ठेव. पहिल्यापासून," मी म्हटलं. तेवढ्यात वॉकीटॉकीवर आलं, स्टार्टर सिग्नल मिळाला, आणि मी फोन खिशात टाकून हिरवा दिवा उचलला.